वर सरकत गेलेला पट्टा

आमच्या बोटीला धक्क्यावर सगळे 'पलंग' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण धक्का तो केवढा, एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला चहा निवायच्या आत पोचतं. "पलंग सुटला का?" "आज पलंगावर कुठले पाहुणे?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते, कारण खोटं तरी काय म्हणू? दोन अंगांची कॅटमरान आहे ती. दोन लांबट होड्या शेजारी ठेवून त्यांच्यावर घर बांधावं तशी. आणि त्या घरात माझ्या खऱ्या घरात नाही तेवढं सामान आहे. दोन फ्रिज, प्रत्येक खोलीला एसी, त्यांच्यासाठी जनरेटर, कपडे धुण्याचं मशीन, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र, आणि माणूस बसला की गडप होईल असल्या गाद्या. आठवड्याच्या भाड्यानं बोट घेणाऱ्यांना समुद्र हवा असतो, फक्त त्यानं समुद्रासारखं वागू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

बोट बांधली आमच्या ह्यांनी. भाड्याच्या शेडमध्ये, एकेक फळी हातावर तोलून. वजन म्हणजे बोटीचा आजार, असं त्यांचं मत, आणि ह्यांचं मत म्हणजे आमच्या घरात कायदा. स्वयंपाकाच्या डावांच्या दांड्यासुद्धा त्यांनी अर्ध्या कापल्या होत्या. ढवळायला गेलं की माझी बोटं पातेल्यात. पण बोट पळायची, हे कबूल करायला हवं. वाऱ्यानं नुसती कूस बदलली तरी ती निघायची, आणि आमचे हे चाकाशी उभे राहून असे हसायचे की लग्नातसुद्धा मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढे धंदा चिरंजिवांनी हाती घेतला. मुलगा वाईट नाही. पण पाहुणे जाताना काहीबाही लिहून जातात, ते बाकीचे पाहुणे वाचतात, आणि सूनबाई ते सगळं सकाळी चहाबरोबर आम्हाला वाचून दाखवते. कोणी लिहिलं उकडतं, की एसी आले. कोणी लिहिलं बर्फ पुरत नाही, की दुसरा फ्रिज आला. 'बोट संथ आहे' असं मात्र आजवर एकानंही लिहिलं नाही. शेवटी नाकापेक्षा मोती जड झाला. जरा लाट आली की मधल्या तळाखाली पाणी असं धडाधडा आपटतं की कपाटातल्या बशा नाचतात.

आमच्याकडे एक रीत आहे. हंगामाची पहिली फेरी पाहुण्यांशिवाय, घरच्यांची. चाकावर आमचे हे, आणि इंजिन बंद. बंदराचं तोंड अरुंद आहे, वर वाकडं. नुसत्या शिडांवर बाहेर पडायचं तर मध्येच एकदा बोटीचं नाक वाऱ्याच्या आरपार दुसऱ्या बाजूला वळवावं लागतं. दोन अंगांच्या बोटीला हे वळण मुळातच जिवावर येतं. अंगात वेग असला तर वळते, नसला तर वाऱ्याकडे तोंड करून मध्येच थबकते आणि मागे घसरायला लागते. हे पाहायला सगळा धक्का कप घेऊन जमतो. ह्यांचं एकदाही चुकलं नव्हतं.

या वर्षी फेरीच्या आदल्या दिवशी जेवताना चिरंजिवांनी विषय काढला. "बाबा, विमावाले वय विचारतात. यंदा नीट झालं तर प्रश्न नाही. पण नाही झालं, तर पुढच्या वर्षीपासून चाक मी घेतो."

"बरं," हे म्हणाले आणि पाणी प्यायले. मला मुलाचा राग आला, पण ह्यांनीच बरं म्हटल्यावर मी मध्ये कुठे पडू?

दुसऱ्या दिवशी नाही झालं.

बोट वळणापाशी आली, ह्यांनी चाक फिरवलं, नाक वाऱ्यापर्यंत आलं आणि थबकलं. शिडं फडफडायला लागली. ह्यांनी मागे घेऊन पुन्हा वेग धरायला पाहिलं. "पुढचं शीड धरून ठेव!" ते मुलावर ओरडले. त्यानं ठेवलं. तरी नाक तिथंच. मग बोट मागे घसरली आणि उजव्या अंगाचं सुकाणू बांधाच्या दगडांवर खरडलं. तो आवाज माझ्या दातांत गेला. मुलानं इंजिन लावलं.

धक्क्यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दोन शब्द तरी सुनावले असते. ह्यांनी चाकावरचे हात काढले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि हातमोजे काढून मुलाला दिले. "घे. माझे हात गेले."

त्यानंतर घरात जे सुरू झालं ते मला बघवेना. सुरी हातात घेतली की परत ठेवून म्हणायचे, तू काप. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. कुलूप लावायचं तर किल्ली माझ्यापुढे करायचे. हात अजिबात थरथरत नव्हते, मी नीट पाहत होते. पण ज्याला वाटतं आपले हात गेले, त्याला हात असून काय उपयोग?

बोट दुरुस्तीला यार्डात चढवली होती. पाहुणे यायला दिवस थोडे उरले होते. गाद्यांच्या खोळी धुवायला आणाव्यात म्हणून मी गेले, तर रंगारी बोटीच्या कडेशी बसून जुना रंग खरवडत होता. त्याच्याशी आमची जुनी ओळख.

"या वहिनी," तो म्हणाला. "बघा, झाडाच्या खोडातली वर्षं निघावीत तसं निघतंय."

पाणी बोटीला जिथं टेकतं त्याच्या जरा वर एक रंगीत पट्टा असतो, हे मला ठाऊक होतं. बोट वजनानं खाली बसली की पट्टा पाण्यात बुडतो आणि बघणाऱ्याला लगेच कळतं. आमच्या बोटीचा पट्टा कधी बुडालेला दिसला नव्हता. का ते आता दिसलं. पांढऱ्या रंगाखाली एकावर एक पट्टे होते, प्रत्येक आधीच्याहून थोडा वर. दरवर्षी बोट खाली गेली होती, आणि दरवर्षी कोणीतरी पट्टा वर सरकवला होता.

मुलगा पलीकडे सुकाणू बसवत होता. मी त्याला हाक मारली. त्यानं पट्टे पाहिले, मग माझं तोंड पाहिलं.

"सगळेच करतात, आई. भाड्याच्या सगळ्या बोटी अशाच असतात. पट्टा बुडालेला दिसला तर लोक म्हणतात बोट जुनी झाली."

"आणि तुझा बाप म्हणतो त्याचे हात गेले! एवढं ओझं घेऊन कोणाच्या हातून वळली असती ती?"

"वळली नसती," तो खाली बघत म्हणाला. "पण आई, वयही झालंय ना त्यांचं. आता आपणहून सोडतायत, तर झाली तेवढी शोभा पुरे. आपण कशाला परत..."

"म्हणजे बोटीचं पाप हातांवर ढकलायचं?"

मी आणखी खूप काही बोलणार होते. तेवढ्यात रंगारी म्हणाला, "हे सगळे माझे. टेप लावून मारलेले. सगळ्यात खालचा मूळचा, तो धरूच नका. पण त्याच्या वरचा हा आहे ना, हा माझा नाही. टेपशिवाय मारलाय, आणि तरी कसा सरळ बघा."

मी वाकून पाहिलं. हिरवट निळा. असा रंग डब्यात मिळत नाही. हा दोन उरलेले डबे एकत्र करून केलेला, आणि मला कसा ठाऊक, तर माझ्या स्वयंपाकघराचं दार अजून त्याच रंगाचं आहे. आमच्या ह्यांनीच रंगवलेलं, माझ्या गुडघ्यांचं दुखणं सुरू झालं त्या वर्षी. मला एकदम आठवलं त्या वर्षी मी काय बोलले होते. खोळी तिथंच टाकल्या आणि घरी आले.

हे स्वयंपाकघरात बसले होते. समोर तेच दार.

"अहो, पट्टे पाहिले मी. सगळे. पहिला तुमचा."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या पलंगाचा."

बोटीवर तेव्हा झोपायला नुसती फळी होती, वर बोटभर जाडीची चटई. मी चिडून म्हटलं होतं, "फळीवर रचून ठेवायला मी काय डबा आहे? यापुढे मी येणार नाही, तुम्ही आणि तुमची बोट." पुढच्या हंगामात गेले तर रुंद पलंग, जाड गादी, आंघोळीला गरम पाण्याची टाकी. मला वाटलं, पाहुण्यांसाठी केलंय. मी चार दिवस मजेत झोपले आणि वर घोरलेसुद्धा असेन.

"ती एवढीशी खाली बसली," त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं. "तुला कळलं असतं तर पुन्हा आली नसतीस. म्हणून पट्टा वर घेतला."

"आणि बाकीचे? मुलानं केले ते?"

"माहीत होते. प्रत्येक वर्षी बघत होतो. जड बोटीला जड हात, असं म्हणून भागवत गेलो. यंदा भागलं नाही."

"मग त्याला एका शब्दानं बोलला का नाहीत?"

"कोणत्या तोंडानं बोलू? सुरुवात कोणी केली?"

मला रडू आलं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर जीव असल्याचं कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि कळलं ते असं, त्याची किंमत चुकवून झाल्यावर.

पण रडून माझं कधी भागत नाही. मी तडक यार्डात गेले. रंगारी म्हणत होता, नवा पट्टा मारायचा तर आधी बोट पाण्यात सोडून ती कुठं बसते ते बघावं लागेल, मग परत उचलू. मी मुलाला म्हटलं, "सोडायचीच आहे ना? मग रिकामी सोड. सगळं उतरव." तो काही बोलायला गेला, पण माझं तोंड पाहून गाद्या उचलायला लागला. सूनबाईनं तर न सांगता पदर खोचला. दुपारपर्यंत यार्डात घर बदलल्यासारखं सामान पसरलं. माझा पलंगही मी सुटा करून उतरवायला लावला.

बोट पाण्यात उतरली आणि वर आली. हिरवट निळा पट्टा आणि त्याच्या खालचा, दोन्ही पाण्यावर. ह्यांना मी जवळजवळ ओढतच आणलं. ते धक्क्यावर थांबून नुसतं बघत राहिले.

मग सगळे चढलो, शिडं उभारली, आणि मुलानं चाक धरून बोट धक्क्यावरून काढली. वळण जवळ आलं तरी हे चाक धरेनात. "त्याला घेऊ दे," म्हणाले.

"अहो, धरा. नाहीतर मी धरते, म्हणजे बांधासकट सगळं जाईल."

त्यांनी धरलं. सवयीनं, जोर लावून फिरवलं. बोट अशी झर्रकन वळली की वाऱ्यातून पार होऊन पुढेच निघाली, मी खांबाला धरलं म्हणून वाचले. मग त्यांनी दोन बोटांनी तिला सरळ केलं. बंदराचं तोंड मागे पडलं. तळाखाली आवाज नाही, कपाटात बशाच नाहीत तर नाचणार काय. मुलगा शिडाकडे बघत होता, एकदाही बापाकडे नाही.

मी वाट बघत होते की हे आता हसतील. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

"जड झालीय हे माहीत होतं गं," ते हळूच म्हणाले. "पण हलकी कशी होती, तेच विसरलो होतो." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परत आलो. बोट उचलली. यार्डात फ्रिज, यंत्रं, गाद्या तशाच वाट बघत पडलेल्या. पाहुण्यांना काय त्याचं? पैसे भरलेत, ते येणार. रंगारी पेन्सिल घेऊन उभा राहिला. "पट्टा कुठं घेऊ?"

ह्यांनी रंगाऱ्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि सगळ्यात वरच्या पट्ट्याच्याही थोडी वर टेकवली.

"माझा पलंग नको चढवू," मी मुलाला म्हटलं. "मी फळीवर झोपेन."

"गुडघ्यांना विचारलंस का?" ह्यांनी मागे न बघता विचारलं.

"पुढच्या वर्षी तू ने," ते मुलाला म्हणाले. "पण इंजिन लावून ने. उगाच सोंग नको."

"बाबा, बांधावर गेलो ते तुमच्या हातांमुळे नव्हतं," मुलगा कसंबसं म्हणाला.

"माहीत आहे," हे म्हणाले आणि रेघ ओढायला लागले.

"टेप देऊ का?" रंगाऱ्यानं विचारलं.

मी त्याला गप्प राहायची खूण केली. हे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटीच्या कडेनं चालत गेले, पेन्सिल न उचलता. रेघ सरळ आली. हात कुठेही हलला नाही.