कलेक्टरीनचा डावा पाय

आईला एका शब्दानं न विचारता घोडी विकायला काढणारं पोरगं आपल्या पोटी कसं जन्मलं, हे सुगंधाबाईला काही केल्या उमगत नव्हतं. पोरगं म्हणजे गुणवंतराव, वय पंचेचाळीस, पोट सुटलेलं. त्यानं आधी सावली गावातल्या पानटपरीवर घोडी लंगडी झाल्याचं जाहीर केलं, गिऱ्हाईक ठरवलं, आणि मग घरी येऊन जेवता जेवता आईच्या कानावर घातलं. तेही भाताचा घास तोंडात ठेवून.

"शनिवारी गोंडपिपरीचा बिरजू पाह्याले येते."

"पाह्याले येते म्हंजे? नवरी हाये का ते?" सुगंधाबाई कडाडली. "मले इचारलं व्हतं का तू?"

घोडीचं नाव कलेक्टरीन. तिची माय तिला जन्म देऊन गेली, तेव्हा सुगंधाबाईनंच गाईचं दूध नि तांदळाची पेज पाजून तिला उभी केली होती. मोठी झाल्यावर ती वाटेत कुणासाठी म्हणून बाजूला सरेना, त्यावरून हे नाव पडलं. लग्नसराईत आसपासचे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात जात. एरवी गुणवंतराव तिच्यावर बसून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाहायला जाई.

महिनाभरापासून ती लंगडत होती. लंगडत म्हणजे धड लंगडतही नव्हती. डावा पुढचा पाय किंचित आखडता घ्यायची, तोही असा की पाहणाऱ्याला वाटावं, आपल्याच डोळ्यात काही गेलं. नालबंदानं नाल काढून खूर तासून पाहिला; ना काटा, ना खिळा. मग जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाई आल्या, संघप्रिया नावाची चुणचुणीत पोरगी. तिनं खूर दाबले, शिरा चाचपल्या आणि लगाम धरून घोडीला डांबरी रस्त्यावर पळवलं. कलेक्टरीन अशी सरळ सुटली, की परत येताना डॉक्टरीनबाईच लंगडत होत्या.

"सूज नाही, काही नाही," ती धापा टाकत म्हणाली. "आठ दिवस आराम द्या, मग वर बसून बघा."

आठ दिवस घोडीनं बसून खाल्लं. नवव्या दिवशी गुणवंतराव वर बसला, आणि बोरिंगपर्यंत जायच्या आत पाय पुन्हा आखडला. मग त्यानं नजर उतरवायला तिच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. लिंबू कलेक्टरीननं खाल्लं, मिरच्या शेजारच्या बकरीनं.

शुक्रवारी सकाळी सुगंधाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. गुणवंतराव घोडीवरून बांध्यांकडे निघाला. आजवर सगळ्यांनी घोडीचे पाय पाहिले होते. सुगंधाबाईला मागून दिसली ती पोराची पाठ. ती पाठ एकदम डावीकडे कलली, पचकन आवाज आला, पुन्हा सरळ झाली. दहा पावलांवर परत कलली. पचकन.

खर्रा! उजव्या दाढेला दोन महिन्यांपूर्वी कीड लागल्यापासून गुणवंतरावाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कायम डाव्या गालात असे, आणि पांढऱ्या सदऱ्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून थुंकताना तो अख्खा कमरेतून वाकत असे. दिवसाला तीन पुड्या. पन्नास वेळा डावीकडे. तेवढं वजन एका अंगावर पेलून ऐरावतसुद्धा लंगडला असता.

तो परतल्यावर तिनं खोगीर काढून उलटं केलं. डावीकडची गादी चेपून पापड झाली होती, उजवीकडची पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लोडासारखी टुम्म.

"रंजीता, इकडे ये. हे पाह्य."

सुनेनं पाहिलं नि कपाळाला हात लावला. "बाई, त्यायची उशी बी अशीच एका आंगानं दबली हाये."

दोघींनी दुपारभर बसून गादीत नवा कापूस भरला. गुणवंतरावाला कुणीच काही बोललं नाही.

शनिवारी बिरजू आला. सुगंधाबाईनं त्याला चहा दिला, लुगड्याचा काष्टा कसला आणि ओट्यावरून थेट घोडीवर पाय टाकला.

"माय! पडशीन ना!" गुणवंतराव ओरडला.

"तुह्यासारख्याले पेललं तिनं, मी काय जड हावो?"

बोरिंगपर्यंत गेली, आली. घोडीचा पाय घड्याळाच्या काट्यासारखा पडत होता. बिरजू कपबशी हातात धरून पाहतच राहिला.

"आता तू बस," ती पोराला म्हणाली. "पहिले चूळ भर."

चूळ भरून गुणवंतराव बसला. गेला, आला. सरळ.

"आता खर्रा टाक तोंडात, अन् रोजच्यासारखा जा."

पहिल्या पिंकेला घोडीनं कान मागे टाकले. तिसऱ्या पिंकेला डावा पाय आखडला. चौथीला बिरजूच्या नाकातून चहा आला.

"भाऊ," तो डोळे पुसत म्हणाला, "घोडीले काई नाई झालं. घ्याले मी आताही तयार हावो."

गुणवंतराव खाली उतरला. रंजीता पदराआड हसत होती, ते त्याला दिसलं. "माय, पण मी यायले जबान देली ना!"

"जबान? तुही जबान कुठी हाये, दाखव बरं. मले तं नुसती सुपारी दिसून राह्यली." सुगंधाबाईनं लगाम त्याच्या हातातून काढून घेतला. "आइक गुणवंता, घोडी कुठी जात नाई. खर्रा खाचा असन तं बांध्यायवर पायी जाचं, अन् घोडीवर बसाचं असन तं तोंड रिकामं ठेवाचं. कलेक्टरीन सरळच हाये. वाकडा तू हायेस!"