काकांनी भाव का धरून ठेवला

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. विकायला काढलेल्या गाडीने वय लपवण्यात अर्थ नसतो. कागदपत्रांत ते लिहिलेलेच असते. माझे वय एकोणीस वर्षे. रंग राखाडी, दारे चार, आणि मागच्या बाजूला एक मोठा पोचा. मित्रांनो, त्या पोच्याची आणि ज्या दिवशी माझा सौदा झाला त्या दिवसाची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला आकार मिळाला, अंगावर रंगाचे थर चढले आणि एका कामगाराने माझा हॉर्न दोनदा वाजवून पाहिला. तो माझा पहिला आवाज. मग दुकानाच्या काचेआड मी महिनाभर उभी होते. लोक यायचे, दार उघडायचे, आत बसायचे आणि निघून जायचे. शेवटी एक उंच, किडकिडीत गृहस्थ आणि त्यांची ठेंगणी पत्नी आली. गृहस्थ माझे इंजिन न्याहाळत होते. बाईंनी मात्र मागचे दार उघडले, सीटवर तळहात दाबून पाहिला आणि विचारले, "यावरून खोकी घसरणार नाहीत ना?"

खोकी कसली, ते मला दुसऱ्या दिवशी कळले. गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवत. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला नुसतेच काकू. घराच्या मागच्या खोलीत काकांचे काम चाले. तिथून मेणाचा वास आणि कवळ्या घासायच्या यंत्राची घरघर अंगणापर्यंत येई. आठवड्यातून दोनदा आम्ही लांबच्या गावांना जात असू, कारण तिथल्या म्हाताऱ्या माणसांना शहरापर्यंत येणे झेपत नसे. कवळ्या मागच्या सीटवर खोक्यांत बसत. काका चिठ्ठ्या चिकटवायला हमखास विसरत. पण कुठल्या खोक्यात कोणाचे दात हे काकूंना तोंडपाठ असे.

काकू भारी विनोदी होत्या. रस्ता चुकला की काका गप्प होऊन बसत. मग काकू मागे बघून म्हणत, "मागचे सगळे बत्तीशी दाखवून हसतायत, तुम्हीच तेवढे तोंड पाडून बसलात!" काकांना हसू फुटे आणि माझी चाके पुन्हा योग्य रस्त्याला लागत.

एका गावात एक म्हातारा माळी होता. कवळी बसवल्यावर त्याने आधी आरसा मागितला नाही, सफरचंद मागितले. ते त्याने कचकन चावले आणि तो रडायलाच लागला. परत येताना काका माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले, "गाडी गुणाची आहे आपली." माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

माझ्या सोळाव्या वर्षी काकूंनी पहिल्यांदा चुकीचे खोके दिले. शाळेच्या शिपायाचे दात पोस्टमनच्या आईकडे गेले. त्या दिवशी सगळे पोट धरून हसले, काकूसुद्धा. पुढच्या महिन्यात तसेच झाले, तेव्हा कोणी हसले नाही. मग एके दिवशी चौकात उभे असताना काकूंनी विचारले, "आपण कुठे चाललोय?" काकांनी सांगितले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारले. काकांनी पुन्हा सांगितले. त्या दिवशी हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, ते मोजले नाही. काकांचा आवाज मात्र एकदाही चढला नाही.

काकूंना विसरण्याचा आजार झाला होता. हळूहळू काकांचे गावोगाव जाणे थांबले आणि मी अंगणात उभी राहू लागले. टायरांतली हवा उतरू लागली, टपावर धूळ बसली. पण मला एकटेपणा वाटला नाही, कारण काकू रोज सकाळी केस विंचरून, पर्स खांद्याला लावून बाहेर येत आणि आपल्या जागेवर बसत. "चला, उशीर होतोय," असे म्हणत. मग काका शेजारी येऊन बसत, इंजिन चालू करत, पाच मिनिटांनी बंद करत आणि सांगत, "पोचलो." काकू समाधानाने उतरून घरात जात.

एका दुपारी काका मागच्या खोलीत असताना काकू एकट्याच आल्या. या वेळी त्या काकांच्या जागेवर बसल्या. किल्ली नव्हती, पण डोळ्यांनी वर्षानुवर्षे जे पाहिले होते ते हात विसरले नव्हते. त्यांनी हँडब्रेक सोडला, गिअरचा दांडा बाजूला केला. अंगणाला उतार होता. मी मागे मागे जाऊ लागले. मित्रांनो, स्वतःला थांबवायची ताकद माझ्यात नाही. मी फाटक मोडून रस्त्यावर गेले आणि समोरच्या विजेच्या खांबावर आदळले. नुकतीच तिथून एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन गेली होती. काकूंना खरचटलेसुद्धा नाही. त्या आत बसून धावत येणाऱ्या काकांना म्हणाल्या, "एवढ्यात पोचलो?"

त्यानंतर काकांनी मला कुलूप लावले. दार उघडेना, तेव्हा काकूंना वाटले, हे आपल्याला सोडून एकटेच गेले. त्या पायीच निघाल्या. तीन गल्ल्यांपलीकडे, भर रहदारीत, अनवाणी सापडल्या. काकांनी मग कुलूप काढले आणि माझ्या चाकांखाली दगड लावले. पण डॉक्टर म्हणाले, "गाडी दिसते म्हणून त्या निघतात. ती त्यांच्या नजरेआड करा."

काकांनी पेट्रोल पंपावर कागद लावला : गाडी विकणे आहे. किंमत लिहिली एक लाख वीस हजार. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, ऐंशी मिळाले तरी डोळे मिटून पदरात पाडून घ्या." काका ऐकेनात. दोन गिऱ्हाइके आली आणि आकडा ऐकून आल्या पावली परत गेली. मला उगाच अभिमान वाटला. वाटले, काकांना माझी खरी किंमत कळते.

तिसऱ्या खेपेला एक नर्स आली. घरोघर जाऊन रुग्णांची मलमपट्टी करणारी. सोबत तिचा दीर होता, तो गॅरेजमध्ये फिटर. त्याने माझा पत्रा बोटाने टकटक वाजवून पाहिला, खाली वाकून टायरांवर अंगठा फिरवला, बॉनेट उघडून तेल बघितले. मला डॉक्टरसमोर जीभ काढून बसल्यासारखे वाटत होते.

"वहिनी, इंजिन चांगलं आहे," तो नर्सला हळूच म्हणाला. मग आवाज वाढवून म्हणाला, "पण टायर पार गुळगुळीत झालेत! क्लच वर धरतो. आणि मागून चांगलीच ठोकलीय. कोणाच्या हातून झालं हे, काका?"

काका म्हणाले, "माझ्याच. मागे घेताना."

मित्रांनो, एकोणीस वर्षांत काकांनी मला एक ओरखडाही पाडला नव्हता.

नर्स म्हणाली, "काका, मी आडवळणानं बोलत नाही. माझ्याकडे पंच्याऐंशी हजार आहेत. मी बसनं फिरते, दिवसाला चारच घरं होतात. रोज पट्टी बदलायला हवी असे सात जण आहेत."

"एक लाख वीस."

"टायर आणि पत्राकाम यातच माझे वीस हजार जातील. थोडा विचार करा."

"एक वीस. त्याखाली नाही."

"अहो, या भावात कुत्रंही फिरकणार नाही," दीर म्हणाला.

"नाही फिरकलं तर नाही."

"मग विकायला काढली तरी कशाला?"

तेवढ्यात घराचे दार उघडले. काकू बाहेर आल्या, केस विंचरलेले, पर्स खांद्याला. त्यांनी पाहुण्यांकडे बघून मान हलवली, माझे दार उघडले आणि आपल्या जागेवर बसल्या.

"चला, उशीर होतोय."

दीर अवघडून बाजूला झाला. नर्स मात्र जागची हलली नाही. तिने काकूंकडे पाहिले, चाकांखालच्या दगडांकडे पाहिले, फाटकाच्या नव्या कडीकडे पाहिले. मग काकांच्या जवळ जाऊन विचारले, "किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"आणि तो पोचा?"

"तिला कळू देऊ नका," काका म्हणाले. "तिला ते आठवत नाही. नकोच आठवायला."

नर्सने मान डोलावली. मग ती मोठ्याने म्हणाली, "गाडी चालवून बघायची राहिलीच की! काकू, येता का फिरून?"

दिराने दगड काढले. नर्स स्टिअरिंगवर बसली, काकू शेजारी. काका कधी नव्हे ते मागच्या सीटवर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. आम्ही बाजाराच्या रस्त्याने नदीपर्यंत गेलो आणि वळलो. काकू खुशीत होत्या. खिडकीची काच खाली करून त्या बोलत होत्या, "आमचे हे पण छान चालवतात हो. रस्ता चुकतात, पण खड्ड्यात कधी घालत नाहीत. आज कुठे राहिलेत कोण जाणे."

आरशात मला काकांचा चेहरा दिसत होता. ते बाहेर बघत होते.

आम्ही अंगणात परतलो. काकूंनी पर्स उघडली. "किती झाले?"

"मघाशीच दिलेत तुम्ही," नर्स म्हणाली.

"हो का? बरं." काकू उतरल्या. मग काहीतरी आठवल्यासारखे वळून खिडकीशी वाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि ह्या मागच्या काकांनाही त्यांच्या घरी नीट सोडा हं. केव्हापासून गप्प बसलेत बिचारे. कोणी वाट बघत असेल त्यांची."

शेजारच्या वहिनींनी येऊन काकूंना हाताला धरून आत नेले. काका मागच्या सीटवर तसेच बसून राहिले. नर्सनेही मागे वळून पाहिले नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोर बघत राहिली. मग काका म्हणाले, "पंच्याऐंशी. आजच घेऊन जा."

"काका, मी दर महिन्याला थोडे थोडे देऊन एक लाखापर्यंत आणते. तुमचं नुकसान नको."

"नको बाळ. पैशासाठी अडलो नव्हतो मी. कोणी घेऊच नये, म्हणून तो आकडा लिहिला होता."

तेव्हा कुठे मला कळले. इतके दिवस ज्याला मी माझी किंमत समजत होते, तो काकांनी दाराला आतून लावलेला अडसर होता.

काकांनी काकूंच्या सीटवरची उशी काढली. काकू ठेंगण्या, म्हणून ती तिथे असे. ती त्यांनी नर्सच्या हातात दिली, आणि लगेच परत घेतली. मी फाटकातून बाहेर पडले तेव्हा ते ती उशी छातीशी धरून उभे होते.

माझे नवे आयुष्य चांगले आहे. टायर नवे मिळाले, क्लच दुरुस्त झाला. पोच्याचे काम मात्र नर्सने करून घेतले नाही. पैसे उरले नाहीत, असे ती दिराला म्हणाली. मागच्या सीटवर आता पट्ट्या आणि औषधांच्या पेट्या असतात. आम्ही दिवसाला सातही घरे करतो.

तीन महिन्यांनी कागदांवर काकांची एक सही राहिली होती म्हणून आम्ही त्या घरी गेलो. काकू ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. केस मोकळे होते. मी अगदी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडे पाहावे, तसे.

सही करताना काका खालच्या आवाजात म्हणाले, "पहिले आठ दिवस रोज पर्स घेऊन अंगणात उभी राहायची. नवव्या दिवशी खुर्चीतून उठलीच नाही. आता मी शांत झोपतो. ती कुठं जाईल ही धास्ती राहिली नाही. पण ती रोज निघायची ना, तेव्हा..." त्यांनी पेनाला टोपण लावले.

नर्स ओट्याच्या पायरीवर बसली. "काकू, चला, नदीपर्यंत जाऊन येऊ."

"नको गं," काकू म्हणाल्या. "आम्ही कुठं जात नाही."

मित्रांनो, जुनी गाडी घेताना भाव जरूर करा. पत्रा वाजवून बघा, टायर तपासा. त्यात कमीपणा नाही. पण विकणारा एखाद्या आकड्यावर अडून बसला तर त्याला लगेच लोभी ठरवू नका. आणि माझी काळजी घ्या असेही मी सांगत बसणार नाही, तेल-पाणी बघायला गॅरेजवाले आहेत. सांगणे एवढेच आहे : तुमच्या घरातल्या ज्या माणसाला अजून कुठेतरी जावेसे वाटते, त्याच्या शेजारी जाऊन बसा. चार पावलांवर जायचे असले तरी बसा. ती इच्छा एकदा विझली, की मग दारात कितीही चांगली गाडी उभी राहिली, तरी दार उघडायला कोणी येत नाही.