सकाळची कॅप्सूल

विनीताने दवाखान्याचं दार अर्धवट उघडून बाहेर डोकावून पाहिलं. बाकावर तिचे सासरे दिवाकरराव तिची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. कुणी आत्ता हिसकावून नेणार असल्यासारखी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

"बाबा, आत या जरा. डॉक्टर माझ्या गॅसच्या कॅप्सूलचं नाव विचारून राहिल्या."

ते लगबगीने उठले. खरं तर आज तिच्या नवऱ्याने, नीलेशने यायचं होतं. पण उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ऐन वेळी त्याची शिफ्ट बदलली आणि सुनेच्या असल्या नाजूक कामाला सासऱ्यांना यावं लागलं. रिक्षात दोघंही अवघडून बाहेरच पाहत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. नागपूरचे नातेवाईक फोन केला की पहिलं 'काही आहे का' विचारत, आणि वहिनी, माम्या, मावश्या तर विचारूनही थांबत नसत. बाबांनी मात्र एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्यांच्या मायेची तऱ्हा वेगळी होती. लग्नानंतर वर्षभरातच नवा रायपूरच्या ऑफिसची बस पकडायच्या धावपळीत विनीताचं खाणंपिणं बिघडलं, छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हापासून ते रोज सकाळी स्वतःच्या कॅप्सूलबरोबर तिचीही काढून ठेवत. बशीत कॅप्सूल, शेजारी कोमट पाणी. "गिळ बेटा. उपाशीपोटीच." सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, नवरा शिफ्टला जुंपलेला. त्या घरात तिची इतकी काळजी दुसरं कुणी घेत नव्हतं.

बाबांनी पर्स उघडलीच नाही. सदऱ्याच्या खिशातून स्ट्रिप काढून ती डॉक्टर देवयानींच्या पुढ्यात ठेवली. डॉक्टरीणबाई मराठी निघाल्याने ते आधीच खुशीत होते.

"हे पाहा मॅडम. मीच देतो तिले रोज. इतक्या वर्षांत एक दिवस खाडा नाही."

डॉक्टरांनी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली. मग समोरचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग विनीताकडे पाहिलं. त्या काय सांगणार ते विनीताला ठाऊक नव्हतं, पण ते बाबांनी ऐकू नये असं तिला आतून वाटलं.

"बाबा, तुम्ही रिक्षा पाहा बरं तोवर. मग मिळत नाही."

"आत्ताच? बरं, बरं." स्ट्रिप उचलून खिशात टाकत ते गेले. दार लागेपर्यंत डॉक्टर थांबल्या.

"गर्भाशय ठीक आहे, नळ्या मोकळ्या आहेत, मिस्टरांचे रिपोर्टही चांगले आहेत. गडबड वरून आहे, मेंदूकडून. मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते. बाळंतपणानंतर ती प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवते, म्हणजे दूध येतं. ते वाढलं की मेंदू बीजकोषांना थोपवून धरतो. अंगावर पिणारं लेकरू आहे, दुसऱ्याची घाई नको, असा त्याचा हिशोब. तुमचं प्रोलॅक्टिन तसंच वाढलंय. कधी छातीतून ओल येते?"

विनीताने होकारार्थी मान हलवली. ब्लाउजला लागणारी ती ओल तिने नीलेशलाही सांगितली नव्हती.

"या कॅप्सूलमधल्या एका औषधाने असं होऊ शकतं. रोज घेतल्याने काहींना होतं."

"म्हणजे माझ्या मेंदूला वाटतं, मूल आहे?"

"असंच समजा."

सात वर्षांचे उपास, सुया, आईचे नवस, लोकांच्या ओट्या भरताना मागे उभं राहणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हींसाठी अंगात त्राण नव्हतं.

"आजपासून बंद करा. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. बहुतेक उतरेल. नाही उतरलं तर डोक्याचा एमआरआय काढू." डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "ते स्वतःच्या मनाने देत होते का?"

"नाही," विनीता म्हणाली. "मीच मागायची."

रिक्षात बसल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"डोक्यातलं एक हार्मोन वाढलं म्हणे."

"अन् गोळी?"

"गोळीचं काही नाही, बाबा. चालते."

एरवी रिक्षावाल्याला भैया-भैया करत गावभरच्या गप्पा मारणारे बाबा बीरगांवचं घर येईपर्यंत खिशातल्या स्ट्रिपवर हात ठेवून बसले. ट्रकांची धूळ तोंडावर येत होती, तरी त्यांनी रुमाल काढला नाही.

रात्री शिफ्टवरून आल्यावर सगळं ऐकून नीलेश म्हणाला, "सांगून टाक ना त्यांले." विनीता नाही म्हणाली. कॅप्सूल घेतल्यासारखं करायचं आणि मोरीत टाकायची, एवढंच तर होतं. लपवायच्या गोष्टींत आणखी एकीची भर. तिला मनापासून कंटाळा आला होता, पण त्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड उतरलेलं तिला पाहवलं नसतं.

सकाळी ती आवरून बाहेर आली. टेबलावर कोमट पाण्याचा ग्लास होता. बशी रिकामी होती. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीवर छाती चोळत बसले होते.

"बाबा, तुमची गोळी घेतली?"

"नाही."

"काहून?"

"घ्यावीशी नाही वाटत."

ती जवळ गेली. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"रिक्षा पाहाले तू धाडलं ना मले," ते म्हणाले, "डॉक्टरीणबाईनं स्ट्रिप वाचल्याबरोबर, तवाच समजलो. रिक्षा तर दारातच उभी होती." मग स्वतःच्या तळहाताकडे पाहत म्हणाले, "माह्याच हातानं, बेटा. रोज."

कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. विनीता हलली नाही. तिने त्यांच्या खिशातून स्ट्रिप काढली, एक कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवली आणि आतून पाण्याचा ग्लास आणला. ग्लास तिनेच त्यांच्या ओठांशी धरला.

"गिळा बाबा," ती म्हणाली. "उपाशीपोटीच."