झिवकाच्या अक्षराचा सहावा पाय

मी एक जुना टोप आहे. निळ्या एनॅमलचा, कडेचे टवके उडालेला आणि एकाच कानाचा. मित्रांनो, माझा जन्म दूध तापवण्यासाठी झाला होता, हे मी रोज स्वतःला सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. बल्गेरियातल्या आमच्या या डोंगराखालच्या गावात, बालवाडीच्या स्वयंपाकघरात, मी नऊ वर्षं इमानाने दूध तापवलं. कधी उतू गेलंच, तर ते पेनका मावशी दारात गप्पा मारत उभी राहिली म्हणून. मग माझा एक कान तुटला आणि स्नेझाना बाईंनी मला वर्गात नेलं. त्या दिवसापासून, म्हणजे एकवीस वर्षं, माझ्या पोटात खळ आहे.

बाईंचं म्हणणं असं, की अक्षर आधी हाताला कळतं आणि मग डोळ्याला. म्हणून मोठ्या गटातल्या प्रत्येक मुलाने एक अक्षर पुठ्ठ्यातून कापायचं आणि त्यावर त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तू चिकटवायच्या. कशाने चिकटवायच्या, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्यात कोपरापर्यंत हात जातात. ब्रश कोणी धुवत नाही. मलिन नावाचा मुलगा मला चाटतो. त्याच्या आधी त्याचा बाप चाटायचा.

"शुक्रवारच्या सूपचा घेवडा अक्षरांवर गेला," पेनका मावशी दर वर्षी म्हणते. "आता जेवायला अक्षरंच वाढते."

हे सगळं मी सहन करतो. सहन होत नाही ती चोवीस मे. त्या दिवशी आमच्याकडे अक्षरांचा सण असतो. मुलं आपापलं अक्षर फुलांनी सजवून बँडमागून चौकापर्यंत मिरवतात. पण तेवीस तारखेला ती अक्षरं 'जरा नीटनेटकी करायला' घरी जातात, आणि चोवीसला सकाळी जी येतात ती मुलांना ओळखूही येत नाहीत. कुठे आईने मखमल लावलेली, कुठे मामाने सोनेरी रंग दिलेला. गेल्या वर्षी एका अक्षरात दिवे लागत होते. बाई काही बोलू शकत नाहीत. यातल्या निम्म्या आया त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या आहेत.

यंदा झिवका होती. सहा वर्षांची. तिला भिंतीवरची सगळी अक्षरं सारखीच दिसायची, कुंपणाच्या खुंटांसारखी. सप्टेंबरमध्ये शाळा, आणि हिला एक अक्षर ओळखता येईना. शेवटी तिने 'झ' निवडलं. आमच्या लिपीत ते Ж असं लिहितात, म्हणजे त्याला सहा पाय असतात.

"हा किडा मला ओळखू येईल, बाई," ती म्हणाली.

तीन आठवडे ती कापत होती. पाचवा पाय वाकडा झाला, सहावा तर तुटूनच हातात आला. तो तिने माझ्या खळीने जोडला आणि अंगभर ओकच्या फळांच्या टोप्या लावल्या, कारण आमच्या भाषेत त्या फळाचं नाव 'झ'नेच सुरू होतं. मग एक दिवस पावाच्या दुकानाच्या पाटीवर तिला तोच किडा दिसला. दुसऱ्या दिवशी बसवर दिसला. तिचं पहिलं अक्षर. ते तिने तेवीस तारखेला घरी नेलंच नाही. माझ्या शेजारी फळीवर लपवून ठेवलं.

चोवीसला सकाळी तिचे आजोबा आले. ग्रोझदान आजोबा, गावचे जुने सुतार. हातात प्लायवूडचं 'झ', घोटून वार्निश लावलेलं.

"झिवके, बघ तुझं अक्षर."

"माझं हे आहे."

"अगं, त्याचा पाय लटकतोय. लोक म्हणतील, सुताराच्या नातीला साधा पुठ्ठा कापता येत नाही."

"नाहीच येत, आजोबा," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तीन आठवडे लागले. हे तुम्ही केलंत ना? मग तुम्हीच मिरवा. छान जमलंय. तुम्हाला चांगला शेरा देते."

आजोबा आपलं अक्षर काखेत मारून, तोंड फुगवून मुलांच्या रांगेत चालू लागले. मी बाईंच्या पिशवीत होतो. फुलं गळतात म्हणून दर वर्षी मला खळीसकट नेतात. माझी मिरवणूक ती एवढीच, पिशवीतून.

पोस्टापाशी झिवकाच्या अक्षराचा सहावा पाय पडला.

ती थांबली. मागची रांग तिच्यावर आदळली. बँड पुढे गेला. ती रडली नाही. उरलेले पाच पाय बोटाने मोजले आणि म्हणाली, "बाई, आता मला हे वाचता येत नाही."

"हे घे," आजोबांनी प्लायवूड पुढे केलं. "याला सहाच्या सहा आहेत."

"ते मला ओळखत नाही," झिवका म्हणाली.

आजोबांनी प्लायवूड शेजारून चालणाऱ्या पेनका मावशीच्या हातात दिलं आणि खाली वाकून पाय उचलला. बाईंनी मला बाहेर काढलं. ब्रश वाळून काठी झालेला, हे वेगळं सांगायला नको. जन्मभर सरस वापरलेल्या आणि खळीला पोरखेळ म्हणणाऱ्या त्या माणसाने माझ्यात दोन बोटं बुडवली.

"वाळायला किती वेळ लागतो?"

"तासभर. दाबून धरावं लागतं."

आजोबांनी धरलं. नातीच्या उंचीला कंबरेत वाकून ते चौकापर्यंत चालले. नगराध्यक्षांचं भाषण होतं, तेही त्यांनी वाकूनच ऐकलं. आमचे नगराध्यक्ष थोडक्यात बोलत नाहीत.

"ग्रोझदान, आता पुठ्ठ्याची सुतारकी का रे?" कोणीतरी हाक मारली.

"मध्ये येऊ नकोस. पाय ओला आहे."

झिवका वर बघत म्हणाली, "आजोबा, आता येतंय वाचता."

मित्रांनो, मला फार काही नको. ब्रश वापरून झाला की धुवा. मुलांनी केलेलं घरी नेऊन सरळ करू नका. हात लावायचाच असेल तर तो वाळेपर्यंत लावून ठेवा, आणि कंबर दुखली तरी काढू नका.

आणि ते प्लायवूडचं 'झ'? हात मोकळे हवेत म्हणून पेनका मावशीने ते माझ्यावर ठेवलं, ते अजून आहे. म्हणे, टोपाला झाकण झालं. सहा पायांच्या मधून सगळी हवा आत येते आणि खळ दुपारपर्यंत वाळून जाते. कोणाकडे बिनभोकांचं झाकण असेल, तर एवढं पाठवून द्या.