ताणाची शिवण

अदेलिनोने नुकतीच शिवलेली पट्टी दोन्ही मुठींत धरून ताणली. कापड वीतभर लांबलं, दोरा मात्र लांबला नाही. तट् तट् करत टाके तुटत गेले.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मफाल्दाने वळूनही पाहिलं नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तीन आठवड्यांपूर्वी, भरल्या सभागृहात, स्केट्सवर गिरकी घेताना तिचा पोशाख काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता. बापाने आयुष्यात पहिल्यांदाच शिवलेला पोशाख. चौदा वर्षांची पोर हातांनी अंग झाकत बाहेर पळाली, आणि तेव्हापासून स्केट्स पलंगाखाली होते.

“शनिवारच्या कार्यक्रमातही फाटला तर?” ती म्हणाली. “मग मी कायमचं सोडणार, बाबा. खरंच सांगते.”

“नाही फाटणार.”

“मागच्या वेळीही हेच म्हणाला होतास.”

स्वयंपाकघरात सार्डिन मासे साफ करणारी त्याची बायको ग्रासा ओरडली, “तीस वर्षं अख्ख्या पेनिश बंदराची जाळी सांधतोस, आणि एवढ्याशा झग्यापुढे नांगी टाकलीस? मीच शिवला असता, पण माझा हात सुरीचा!”

अदेलिनो अंगणात गेला. भिंतीवर दुरुस्तीचं जाळं टांगलेलं होतं. सवयीने त्याने जाळ्याचं एक चौकोनी घर बोटांत धरून ओढलं. तिरपे दोरे जवळ आले, घर लांबुळकं झालं. सोडल्यावर पुन्हा होतं तसं. हे त्याने लाखो वेळा केलं असेल. आज तो बघतच राहिला. तिरपा दोरा ताणाबरोबर सरकतो; सरळ दोऱ्यापाशी द्यायला काही उरलेलंच नसतं.

“गाढवा,” तो स्वतःलाच म्हणाला.

आत येऊन त्याने सासूच्या जुन्या मशीनची कळ फिरवली आणि नव्या पट्टीवर जाळ्यासारखा तिरपा, झिगझॅग टाका घातला.

“घे, तूच ओढ.”

मफाल्दाने पट्टी पायाखाली दाबून सगळ्या जोराने ओढली. राग काढावा तशी ओढली. टाका तुटला नाही. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली, आणि मग माप देण्यासाठी दोन्ही हात वर करून उभी राहिली.

शनिवारी अदेलिनो कोटाच्या कॉलरला दोरा ओवलेली सुई टोचून पहिल्या रांगेत बसला. डाव्या काखेखालच्या शिवणीवरून नजर हलवायची नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

संगीत सुरू झालं. मफाल्दा पाण्यावरून यावी तशी आली. एका पायावर तोल धरून तिने पाठ मागे वाकवली, डोक्यामागून दुसरं पाऊल पकडलं आणि ती फिरू लागली. आधी सावकाश, मग इतक्या वेगात, की चेहराच दिसेना. अदेलिनोला धडकी भरली. इतकं सुंदर काही आपल्या घरात जेवतं, भांडतं, केस न विंचरता शाळेत जातं!

टाळ्या थांबेनात. ग्रासाने कोपराने ढोसलं.

“टिकली ना रे शिवण?”

अदेलिनोचा हात कॉलरवरच्या सुईकडे गेला.

“बघायची राहिली,” तो म्हणाला.