पोटावरचा बगळा

मित्रांनो, मी कॉफीचा एक जुना बंब आहे. चर्चच्या तळघरात, जिन्याखालच्या कपाटात माझी जागा आहे. कपाट उघडलं की आया अजूनही पोरांना मागे ओढतात. "हात लावू नको, भाजेल!" त्यांची ती काळजी ऐकून मला बरं वाटतं. पण खरं सांगू? मी तापलो त्याला कितीतरी हिवाळे उलटले.

जरा वाकून माझ्या पोटाकडे पाहा. तोटीच्या वर एक बगळा उमटलेला दिसेल, एक पाय उचललेला, मान आखडून घेतलेला. मला सांगायचं आहे ते या बगळ्याबद्दल.

माझा जन्म याच गावातला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एल्क बेंडचा. नदीकाठच्या पत्र्याच्या कारखान्यात दुधाचे कॅन, पातेली, बादल्या आणि माझ्यासारखे बंब बनत. म्हाताऱ्या मालकाचा एकच हट्ट होता. बगळ्याचा ठसा बसल्याशिवाय साधं झाकणसुद्धा दाराबाहेर जायचं नाही. "आपण केलंय ना? मग लपवायचं कशाला?" असं तो म्हणे. मला त्याने चर्चला भेट दिलं.

काय दिवस होते ते! लग्नातली कॉफी माझी, मयतानंतरची कॉफीही माझीच. ती इतकी पातळ असे की कपाचा तळ दिसायचा, पण कुणी कुरकुरत नसे. माझ्याशेजारी लिंबाच्या वड्यांचं ताट असायचं. इथल्या माणसांची एक रीत आहे. ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. हावरट दिसू नये म्हणून एक जण तिची अर्धी घेतो, दुसरा उरलेल्याची अर्धी. शेवटी नखाएवढा तुकडा उरतो आणि सगळे चांगले ठरतात.

दर गुरुवारी बायका माझ्याभोवती बसून गोधड्या शिवत. युद्धात घरं गेलेल्या, दूरदेशीच्या लोकांसाठी. त्यांत अर्डिस होती. रुंद हातांची, कमी बोलणारी विधवा. मला भरायची तीच, घासायचीही तीच. गुरुवार-रविवार सोडून बाकी दिवस ती कारखान्यात ठसा मारायच्या यंत्रावर असे. जगातला प्रत्येक बगळा तिच्या हातून उडालेला.

मग समुद्रापलीकडे लढाई सुरू झाली. दुधाचे कॅन मागे पडले आणि कारखान्यात लांबट कवचं बनू लागली. त्यांत काय भरायचं ते दुसऱ्या गावात भरत. "आपण काय, नुसते डबे करतो," लोक कॉफी ओतून घेताना म्हणत. डब्यांवर बगळा होताच. मालकाचा नियम मालक गेल्यावरही कुणी मोडला नव्हता.

लढाई संपली तसं काम आटलं. घरांसमोर विक्रीच्या पाट्या लागल्या, शाळेतले बाक ओस पडले. तरीही चर्चने लाओसमधल्या एका निर्वासित कुटुंबाला गावात आणलं. या गावची माणसं वाईट नव्हती, मित्रांनो. अर्डिसने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना दिला. पोरांच्या हातांत मोजे चढवले, बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं. पोरांची आई बाओ. तिच्या पाठीशी कापडात बांधलेलं तान्हं असे. ती माझ्याजवळ उभी राहून त्याची गार पावलं माझ्या उबेला धरायची.

एका रविवारी ती मला पुसत होती. फडकं पोटावर आलं आणि थांबलं.

"हा पक्षी मला माहीत आहे," ती म्हणाली.

"आमचा बगळा?" अर्डिस हसली. "अगं, तुला कुठे भेटला?"

"माझ्या घरी. लांब डबा. त्यात कांद्याची पात लावलेली."

शेजारची लव्हॉन टाळी वाजवून ओरडली, "ऐकलंत का सगळे? आपली भांडी लाओसात पोचली! मी कधी शिकागोच्या पुढे गेले नाही, आणि हा बगळा बघा मेला!"

सगळे खूश झाले. पास्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी प्रवचनात सांगतो. माणसं अशी जोडली जातात!"

अर्डिस मात्र हसायची थांबली होती. लांब डबा म्हणजे कुठला, ते तिच्या हातांना माहीत होतं.

"बाओ, तो डबा तुम्ही विकत घेतला होता का गं?"

"नाही. वरून आला. विमानातून." पाऊस आला म्हणावं तशी बाओ म्हणाली. "मधोमध उघडतो. आत पेरूएवढे गोळे. खूप फुटले, काही फुटले नाहीत. बहिणीला भाताच्या शेतात सापडला एक." तिने फडक्याची घडी घातली. "मग डबा रिकामा. रिकामा डबा चांगला. कांदा छान येतो."

"पण तुझा नवरा तर आपल्याच बाजूने लढला ना?" लव्हॉनने हळूच विचारलं.

"हो. विमानाला वरून बाजू दिसत नाही."

तळघरात फक्त माझ्या पोटातलं पाणी खदखदत होतं. मग लव्हॉन म्हणाली, "वड्या अजून आहेत बरं का. कुणाला देऊ?"

पास्टरांनी ती गोष्ट प्रवचनात कधीच सांगितली नाही.

पुढे कारखान्याला नवं काम चालून आलं. तेच डबे, कुठल्याशा दूरच्या राजासाठी. "राजा आपला मित्र आहे," वर्तमानपत्रं सांगत. काम घ्यायचं तर दर आठवड्याला जादा पाळ्या कराव्या लागणार होत्या, म्हणून युनियनचं मत हवं होतं. त्यांच्या हॉलची शेगडी बिघडलेली. सभा माझ्यासमोरच भरली.

अर्डिस मला भरता भरता बाओला म्हणाली, "मी उठून नको म्हणणार आहे."

"तुझी नोकरी?"

"जाईल."

बाओ कप मांडत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "माझ्या नवऱ्यालाही तिथेच लावतो म्हणालेत. काम आलं तर."

अर्डिसचा हात माझ्या झाकणावर तसाच राहिला.

युनियनचा प्रमुख हार्लन, अर्डिसचा धाकटा दीर, बोलायला उभा राहिला. "भावांनो, बहिणींनो, हा प्रश्न स्वातंत्र्याचा आहे."

"स्वातंत्र्याचं राहू दे रे, जादा पाळीचं काय देणार ते बोल!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

अर्डिस उठली. "प्रत्येक डब्यावर मी ठसा मारते. तो कुठे पडला ते आता मला माहीत आहे. हे काम नको. दुधाचे कॅन करू."

"दूध आता प्लास्टिकमधून येतं गं, अर्डिस!"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांना ती आवडायची. तिला सरळ नाही म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. एकाने सुचवलं, अर्धंच काम घेऊ. अर्धं मिळत नाही, हार्लन म्हणाला. मग दुसरा म्हणाला, सिनेटरला कळवू की डबे जपून वापरा. तिसरी म्हणाली, पाळीआधी प्रार्थना करू. शेवटच्या वडीसारखा तिचा नकार या हातातून त्या हातात गेला, दर वेळी अर्धा होत.

मग हार्लन मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, तुला खरा त्रास बगळ्याचाच होतोय ना? मग बगळा काढून टाकू. डबे कोरे जातील."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हात भराभर वर गेले. अर्डिसने बाओकडे पाहिलं. बाओ तान्ह्याला थोपटत माझ्याआड उभी होती. अर्डिसचा हात वर गेला नाही, पण ती पुन्हा बोललीही नाही. खाली बसली.

ठसा फक्त भांड्यांपुरता उरला, आणि मग भांडीच बंद झाली. बाओच्या नवऱ्याला काम लागलं. विक्रीच्या पाट्या निघाल्या, शाळेतले बाक भरले. गुरुवारच्या गोधड्या चालूच राहिल्या. आता बाओही टाके घालू लागली, आणि तिच्यासारखे बारीक टाके कुणालाच जमत नसत. चर्चमध्ये विजेचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. चिमटे, मेणबत्त्या, जुन्या भजनांच्या वह्या ही माझी संगत. बाहेरून ट्रक गेले की शेजारचे कप किणकिणतात. अलीकडे ते फार वेळा किणकिणतात.

गेल्या रविवारी चर्चने आणखी एक कुटुंब आणलं. कुठल्या देशाचं, ते मला इथून ऐकू आलं नाही. त्यांतली आई कप ठेवायला कपाटाशी आली. कडेवर लेकरू होतं. त्याने बोट पुढे केलं आणि बगळ्यावर ठेवलं. अर्डिस आता फार म्हातारी झाली आहे. काठी टेकत ती जवळ आली.

"हा पक्षी कधी पाहिला होतास का गं? तुझ्या गावी?"

त्या बाईने नीट निरखून पाहिलं. "नाही," ती हसून म्हणाली. "छान आहे."

"बघ!" मागून लव्हॉन म्हणाली. "उगाच काळजी करतेस तू." सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

अर्डिस मात्र तिथेच उभी राहिली. मग तिने त्या बाईचा हात धरला आणि अगदी हळू विचारलं, "कोरे डबे पाहिलेस?"

बाईचं हसू मावळलं. तिने लेकराचं बोट माझ्यावरून काढून आपल्या मुठीत घट्ट धरलं.

मित्रांनो, मला लख्ख ठेवा असं मी म्हणत नाही. डाग राहू द्या, पोचा राहू द्या. पण घासताना बगळा झिजू देऊ नका. आणि उद्या तुमच्या हातांनी काही घडवाल, तेव्हा त्यावर आपली खूण ठेवा. खूण ठेवायची लाज वाटली, तर हात तिथेच थांबवा.

ऐका. कप पुन्हा किणकिणताहेत.