चार वाजून दहा मिनिटं

"इथे सही करा, काका," असं म्हणून नौदलातून आलेल्या अधिकाऱ्याने टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. चाळिशीचा, सभ्य माणूस. आमच्या हिला जाऊन तेव्हा सत्तावीस दिवस झाले होते. नौदलाच्या संग्रहालयात युद्धाचं नवं दालन उघडणार होतं. तिथे हिचा फोटो लागणार होता आणि त्याखाली हा मजकूर. घरच्यांची संमती हवी होती.

मी चष्मा लावून वाचलं. गस्तीनौका बुडाली त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मदतीचा संदेश आला आणि ड्यूटीवरच्या या धाडसी महिला अधिकाऱ्याने क्षणाचाही विलंब न लावता तो वरिष्ठांना पोचवला, असं लिहिलं होतं.

"पाच नाही," मी म्हणालो. "चार वाजून दहा मिनिटं."

मी नळ दुरुस्त करणारा माणूस. लग्न ठरलं तेव्हा हिच्या मैत्रिणी हसल्या होत्या, की हिला समुद्र, त्याला नळ, दोघंही पाण्यातच. युद्ध सुरू झालं त्या वर्षी, चोविसाव्या वर्षी, ही अधिकारी झाली आणि बंदरावरच्या सिग्नल रूममध्ये बसू लागली. बोटींचे संदेश घ्यायचे, वेळ घालून नोंदवहीत उतरवायचे आणि कमांडरकडे न्यायचे, हे तिचं काम. त्या दिवशी गस्तीनौकेच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. ओढून न्यायला बोट पाठवा, असा संदेश चार दहाला आला. ही कागद घेऊन पळत कमांडरकडे गेली. तो कागद समोर ठेवून विचार करत बसला. बोट सोडायच्या हुकमावर त्याने पाचला सही केली. बोट पोचली तेव्हा पाण्यावर नुसतं तेल तरंगत होतं. एकतीस माणसं गेली.

चौकशी लागणार म्हटल्यावर कमांडरने नोंदवहीचं ते पान नव्याने लिहवून घेतलं आणि सहीसाठी हिच्यापुढे ठेवलं. त्यात संदेश पाचला आला होता. हिने सही केली नाही.

आणि मी हिला म्हणालो होतो, करून टाक. पोर पोटात आहे, नोकरी गेली तर काय करायचं, आणि पन्नास मिनिटं इकडची तिकडे झाली म्हणून बुडालेली माणसं थोडीच परत येतात.

"ती माणसं पन्नास मिनिटं आपली वाट बघत होती," ती म्हणाली. "तेवढं तरी त्यांच्या नावावर राहू दे."

मग आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

चौकशीत हिचं एकटीचं कोण ऐकणार? जुनं पान तर कुणाला सापडलंच नाही. नोकरी गेली नाही, पण हिला दोरखंड आणि रंगाच्या गोदामावर टाकलं. पुढची एकवीस वर्षं तिथेच काढली. बाहीवरच्या दोन पट्ट्यांच्या तीन कधी झाल्या नाहीत. हाताखाली शिकलेले लोक वर चढले, आणि ही त्यांना कडक सलाम ठोकायची. मी चिडलो की म्हणायची, "सलाम टोपीला असतो. आत डोकं आहे की नाही, ते बघायचं काम आपलं नाही."

अधिकाऱ्याने मला समजावून सांगितलं. नौदलाच्या कागदपत्रांत पाचच आहेत, ते बदलणं त्याच्या हातात नाही. मजकूर मान्य नसेल तर फोटो वगळावा लागेल.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली.

"बाबा, जन्मभर तिला कुणी विचारलं नाही. आता भिंतीवर लागतेय तर लागू दे. आई गेली, तो कमांडरही कधीचा गेला. तुम्ही भांडताय कुणाशी?"

तिचं चूक नव्हतं. हिचा फोटो तिथे मलाही हवा होता. मी पेन घेतलं. 'पाच'वर एक आडवी रेघ मारली, वर 'चार दहा' लिहिलं आणि बाजूला सही केली.

खाडाखोड चालणार नाही, असं अधिकारी म्हणाला.

"ही खाडाखोड नाही, साहेब. तुमच्याच नोंदवहीची रीत आहे. चुकलं तर खरवडायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. ही घरात किराणाच्या यादीवरसुद्धा असंच करायची."

त्याने कागद उचलून ती रेघ बघितली. रीत त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. शेवटी हळूच म्हणाला, "मग मॅडमचा फोटो लागणार नाही, काका."

"नका लावू. त्या पाचाखाली तिने जिवंतपणी सही केली नाही. आता तिचा फोटो तिथे टांगायला मी देणार नाही."

त्यानंतर महिनाभर लेक माझ्याशी कामापुरतं बोलली. दालन उघडलं त्या आठवड्यात मात्र स्वतःहून म्हणाली, चला, बघून तरी येऊ.

हिची जागा रिकामी वगैरे ठेवलेली नव्हती. तिथे एका तोफेचा फोटो होता. शेजारी गस्तीनौकेची पाटी. वेळ कुठलीच लिहिली नव्हती, पाचही नाही आणि चार दहाही नाही. खाली एकतीस नावं. हिला ती सगळी पाठ होती. मी इतक्या वर्षांत त्यातलं एकही विचारलं नव्हतं. मी वाचायला गेलो, पण वरच्या ओळी मला दिसेनात. तेव्हा लेक पुढे झाली आणि पहिल्या नावापासून मोठ्याने वाचू लागली. सावकाश, एकेक.

पहारेकरी किल्ल्या घेऊन आला आणि बंद करायची वेळ झाली म्हणाला. लेकीने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "अजून नऊ जण राहिलेत."

पहारेकरी दार धरून उभा राहिला.